शिकारी कुत्रा आणि कायदा

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले आहे. नदीकाठची जमीन काळी व कसदार असून तीत कापूस, ज्वारी आणि तूर डोलत असते. दक्षिणेकडे बालाघाटाची टेकाडे सुरू झाली, म्हणजे मात्र खडकाळ माळ, खुरटी झुडपे आणि कुसळांचे गवत दिसू लागते. मराठवाड्यातील अशा उघड्या माळांवर ससे, खोकड, कोल्हे व लांडगे राहतात आणि काही ठिकाणी काळविटांचे कळपही चरताना आढळतात. याच माळांनी कुत्र्याची एक उमदी जात घडवली. तिला कारवानी कुत्रा असे म्हणतात. शेजारच्या कर्नाटकातील मुधोळचा प्रसिद्ध कुत्रा हा तिचाच जवळचा आप्त होय.

कारवानी कुत्र्याचा बांधा पाहिला, की त्याचे काम सहज ओळखता येते. डोके निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब व सडसडीत. इतर पुष्कळ कुत्री वासाने माग काढतात. हा कुत्रा मुख्यतः नजरेने सावज हेरतो. दूरवर गवत हलले, ससा उठला, की तो बाणासारखा सुटतो. धावताना त्याच्या पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो व पुन्हा ताणला जातो, आणि क्षणभर त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. ससा मात्र पळता पळता एकाएकी वळण घेतो. वेगात असलेला कुत्रा तसाच पुढे निघून जातो आणि ससा निसटतो. म्हणूनच पूर्वीचे शिकारी कुत्र्यांची जोडी सोडत असत. एक चुकला, तर दुसरा सावजास आडवा येई.

युरोपातील शिकारी कुत्र्यांचा एक प्रकार याच्या अगदी उलट आहे. त्याचे नाव टेरिअर. लॅटिन भाषेत ‘टेरा’ म्हणजे जमीन. त्यावरून हे नाव पडले. हा कुत्रा ठेंगणा, चिवट आणि निर्भय असतो. तेथील बॅजर नावाचा प्राणी जमिनीत लांबच लांब बिळे खणून राहतो. टेरिअर थेट बिळात शिरे, बॅजरला कोंडून धरी व भुंकत राही. त्या आवाजाच्या रोखाने माणसे वरून जमीन खणत. जर्मनीतील डॅशहुंड या बुटक्या कुत्र्याच्या नावाचा अर्थच ‘बॅजरचा कुत्रा’ असा आहे. ज्या देशात सावज बिळात दडते, तेथे आखूड पायांचा कुत्रा उपयोगी पडला. जेथे सावज मोकळ्या रानात पळते, तेथे लांब पायांचा. भारतीय ससा बीळ खणीत नाही. गवतातील उथळ खळगा हेच त्याचे घर. म्हणून दख्खनच्या माळांवर टेरिअरपेक्षा कारवानीची थोरवी वाढली.

बॅजरच्याच कुळातील रॅटेल हा प्राणी भारतातही आढळतो. त्याची पाठ राखी-पांढरी व पोट काळे असते. तो निशाचर असून बळकट नखांनी जमीन भराभर उकरतो. मध त्याला फार प्रिय आहे. त्याची कातडी जाड व इतकी सैल असते, की शत्रूने मानेला धरले, तरी तो आतल्या आत वळून उलट चावा घेतो. अशा प्राण्यावर कुत्रे घातले, तर दोघांच्याही अंगाच्या चिंध्या होतात. ब्रिटनमध्येही बॅजरच्या शिकारीत हेच घडत असे. तेथील लोकांना हळूहळू या क्रौर्याची लाज वाटू लागली. बॅजरच्या संरक्षणासाठी तेथे १९७३ साली आणि पुन्हा १९९२ साली स्वतंत्र कायदे झाले.

आपल्याकडे कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करण्याची रीत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मृगयेबरोबरच कुत्र्यांच्या खेळांचेही वर्णन आहे. पुढे संस्थानिकांनी असे कुत्रे हौसेने पाळले. मुधोळच्या घोरपडे घराण्याने तेथील कुत्र्यांची जोपासना केली. गावोगावचे धनगर व शेतकरीही राखणीसाठी कुत्री बाळगीत. मराठी मनात कुत्र्याला मानाचे स्थान आहे, कारण तो खंडोबाचा सोबती. नांदेड जिल्ह्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे घोड्यांप्रमाणेच जातिवंत कुत्रीही पाहावयास मिळतात.

मग शिकारीवर बंदी का आली? जोवर रान अफाट होते आणि शिकारी थोडे होते, तोवर एखादा ससा मारला गेल्याने रानाचे फारसे बिघडत नसे. पुढे बंदुका आल्या, मोटारी आल्या, रात्री डोळे दिपवणारे दिवे आले. माळराने नांगराखाली गेली. पूर्वी राजेरजवाडे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. तो चित्ताच भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. आज मध्य प्रदेशात चित्ते दिसतात, ते २०२२ सालापासून आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांमुळे.

इंग्रजी अमलात १८८७ व १९१२ साली वन्य पक्षी व प्राणी यांच्यासाठी कायदे झाले होते. परंतु ते तोकडे होते. अखेर १९७२ साली संसदेने वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत केला. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या अत्यंत व्यापक आहे. प्राण्याला ठार करणे ही तर शिकार आहेच; परंतु त्याला पकडणे, फासे लावणे, हाकारे घालणे, कुत्र्यांकडून त्याचा पाठलाग करवणे, किंवा यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच होय. म्हणजे कुत्रा सशावर सोडला आणि ससा निसटला, तरी गुन्हा घडतोच. काळवीट, लांडगा आणि रॅटेल हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीबद्दल तीन ते सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा आहे. याखेरीज १९६० सालच्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर घालणे हाही अपराध ठरवला आहे.

या कायद्याने काही कठीण प्रश्नही उभे केले. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतो. त्या शेतकऱ्याने काय करावे? कायद्याने त्याची वाट सर्वस्वी बंद केलेली नाही. ठरावीक प्राण्यांनी पिकांची नासाडी केल्यास अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. शासनाकडून पिकांची नुकसानभरपाईही मिळते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना नाइलाजाने प्राणी मारला गेला, तर तोही गुन्हा मानला जात नाही.

दुसरा प्रश्न फासेपारध्यांचा. ससे, तितर पकडून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा करून अशा भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. तो कलंक स्वतंत्र भारताने १९५२ साली पुसला. पण पुढे शिकार बंद झाल्याने त्यांचा जुना धंदाही गेला. ज्याची हौस गेली, त्याचे फारसे बिघडले नाही. ज्याची भाकरी गेली, त्याला शेती, शिक्षण व नवा रोजगार मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. पारध्यांना प्राण्यांच्या पाऊलखुणांचे आणि आवाजांचे जे ज्ञान आहे, ते रान राखण्याच्या कामीही मोलाचे आहे.

कारवानी किंवा मुधोळ कुत्रा पाळण्यास मात्र कायद्याची आडकाठी नाही. डाक विभागाने २००५ साली मुधोळ कुत्र्याचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. भारतीय सैन्यानेही या कुत्र्यांना शिक्षण देऊन पाहिले आहे. शेताची व मेंढरांची राखण हे तर त्यांचे जुनेच काम. धन्याने एवढे मात्र सांभाळावे, की कुत्र्याला रानात मोकाट सोडू नये आणि वेळेवर लस टोचून घ्यावी. कारण पिसाळण्यासारखे रोग कुत्र्यांपासून कोल्ह्या-लांडग्यांना आणि त्यांच्यापासून कुत्र्यांना जडतात.

धावणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. कोणामागे धावावे, हे मात्र त्याचा धनी ठरवतो. म्हणूनच कायदा कुत्र्याला जाब विचारीत नाही. ज्याच्या हाती त्याची साखळी असते, त्याला विचारतो.