शिवारातला ट्रेल कॅमेरा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंगघाट अभयारण्यातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. अंगावरचे पट्टे जुळवल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत तो धाराशिवात पोचला होता. जेमतेम 22 चौरस किलोमीटरच्या जंगलातला हा पाहुणा कॅमेऱ्यामुळे ओळखता आला.

आता असे कॅमेरे, म्हणजेच ट्रेल कॅमेरे, साधारण पाच ते दहा हजार रुपयांत मिळतात. तुरीचं नुकसान रानडुक्कर करतंय की साळिंदर, ओढ्यावर रात्री बिबट्या येतो की तरस, हे शेतकऱ्याला जाणून घ्यायचं असतं. निसर्गप्रेमींना आपल्या माळावरची काळविटं आणि चिंकारा पाहायची असतात. या कामाला स्वस्त कॅमेरा पुरतो. मात्र तो घेताना आणि लावताना काही गैरसमज आड येतात.

गैरसमज 1: जितके मेगापिक्सेल जास्त, तितका कॅमेरा चांगला.

वस्तुस्थिती: स्वस्त कॅमेऱ्याच्या खोक्यावर 24, 36 किंवा 48 मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण आतला सेन्सर बहुधा त्याहून फार कमी क्षमतेचा असतो. उरलेले ठिपके सॉफ्टवेअर भरतं. त्यामुळे फाइल फुगते, तपशील वाढत नाही. पाहायचा असतो तो ट्रिगरचा वेग, म्हणजे प्राण्याची चाहूल लागल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर पाऊलवाटेवरून जाणारं जनावर चौकटीत सापडतं. सेकंदाच्या वर गेला की शेपटी तेवढी मिळते. एका फोटोनंतर दुसऱ्या फोटोला कॅमेरा किती वेळ घेतो, हेही विचारा. कळप असेल तर पहिल्या फोटोत एकच हरीण येतं, बाकीची मागून येत असतात.

गैरसमज 2: समोरून काहीही गेलं की फोटो निघतोच.

वस्तुस्थिती: या कॅमेऱ्याचा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. जनावराचं अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानात फरक असेल आणि ती उष्णता सरकत असेल, तरच तो जागा होतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी तापलेली जमीन जनावराच्या अंगाइतकी गरम होते. मग समोरून हरीण गेलं तरी कॅमेरा गप्प राहतो. उलट उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की रिकामे फोटो भराभर निघतात. म्हणून समोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या काढाव्यात. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवावं, म्हणजे उगवता-मावळता सूर्य थेट भिंगावर येत नाही.

गैरसमज 3: हरणं माळावर असतात, म्हणून कॅमेराही माळाच्या मधोमध लावावा.

वस्तुस्थिती: खोक्यावर वीस-पंचवीस मीटरचा पल्ला लिहिलेला असला, तरी ओळखू येईल असा रात्रीचा फोटो त्याच्या निम्म्या अंतरातच मिळतो. उघड्या माळावर हरणाला कुठूनही जाता येतं. त्याला एका जागेवरून जावंच लागेल अशी ठिकाणं शोधा: पाणवठ्याची उतरण, बांधातली फट, कुंपणातली वाट, ओढ्याचा उतार. खुरांचे ताजे ठसे आणि लेंड्या जिथे सापडतात, तिथून तीन ते पाच मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला कॅमेरा बांधा. तो वाटेला तिरका ठेवा. जनावर आडवं गेलं तर सेन्सरला लवकर कळतं आणि तिरक्या कोनामुळे ते चौकटीत जास्त वेळ राहतं.

काळवीट मुख्यतः दिवसा चरतं, म्हणून त्याच्यासाठी रात्रीच्या फ्लॅशवर जास्त पैसे घालायची गरज नाही. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग कुळातले आहेत. चितळ-सांबरासारखी त्यांची शिंगं दर वर्षी गळत नाहीत. त्यामुळे शिंगांचा पीळ, मोडलेलं टोक किंवा कानावरची खूण यांवरून तोच नर पुन्हा ओळखायचा प्रयत्न करता येतो.

गैरसमज 4: फ्लॅश अदृश्य असला की प्राण्याला पत्ताच लागत नाही.

वस्तुस्थिती: 850 नॅनोमीटरच्या फ्लॅशचा पल्ला जास्त असतो, पण दिवे मंद लाल दिसतात. 940 नॅनोमीटरचा उजेड माणसाला जवळजवळ दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी पडतो. कॅमेऱ्यांचा प्रकाश आणि बारीक आवाज प्राण्यांना जाणवू शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिलं. चोरीची भीती असेल तर 940 घ्या, नाहीतर 850 चालेल. कॅमेरा हाताळून आपला वास मागे ठेवण्यापेक्षा आठ-दहा दिवस तिकडे फिरकू नये, हे जास्त उपयोगी पडतं.

गैरसमज 5: एकदा सेल घातले की सहा महिने पाहायला नको.

वस्तुस्थिती: हा आकडा दिवसाकाठी मोजके फोटो धरून काढलेला असतो. रात्रीचा व्हिडिओ चालू केला की सेल झपाट्याने उतरतात. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल तर फ्लॅशला पुरेशी वीजच देऊ शकत नाहीत. चांगले अल्कलाइन किंवा लिथियम सेल घाला. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असतात. ते चालतात का, हे घेण्याआधी विचारा. सुरुवातीला फक्त फोटो घ्या, व्हिडिओ नंतर.

मोबाइलवर फोटो पाठवणारा सिमकार्डचा कॅमेरा महाग पडतो, सेल जास्त खातो आणि घाटाच्या घळीत रेंज नसेल तर निकामी ठरतो. शेत घराजवळ असेल तर साधा मेमरी कार्डचा कॅमेरा पुरे.

गैरसमज 6: दहा फोटो म्हणजे दहा हरणं.

वस्तुस्थिती: एकच मादी पाण्यावर रेंगाळली तरी दहा फोटो निघतात. शिवाय हवा तो प्राणी क्वचितच येतो. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. सुमारे 3 कोटी 48 लाख फोटोंपैकी वाघाचे निघाले 76,651, म्हणजे हजारात दोनच्या आसपास. कॅमेऱ्यात तारीख-वेळ अचूक लावा आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवा. प्राणी कोणत्या वेळी आणि कोणत्या वाटेने येतो, हे त्यातून कळतं. राखणीला कधी बसायचं हे ठरवायला ते पुरेसं आहे.

गैरसमज 7: कॅमेरा आपला, मग तो कुठेही लावता येतो.

वस्तुस्थिती: परदेशात असे कॅमेरे शिकारीआधी हरणांचा माग काढायला विकले जातात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. स्वतःच्या शेतात कॅमेरा लावता येतो. अभयारण्यात किंवा वनजमिनीवर वनविभागाची परवानगी लागते. काळविटाच्या पाणवठ्याचा नेमका पत्ता समाजमाध्यमावर टाकणं म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखवणं आहे.

माणसांची अब्रूही जपायला हवी. कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात जंगलातल्या कॅमेऱ्यांमुळे सरपण-चाऱ्याला जाणाऱ्या बायकांचं मोकळं वावरणं कसं हिरावलं गेलं, हे केंब्रिजच्या संशोधकाने 2024 मध्ये मांडलं. पाणंद, नदीघाट, बायकांची जायची-यायची वाट इथे कॅमेरा नको. शेजारच्या वस्तीला आधी सांगा. चुकून कुणाचा फोटो आला तर तो तिथेच पुसा.

तर घ्यायचा कोणता?

आधी प्रश्न ठरवा, मग खिशात हात घाला. अर्ध्या सेकंदाच्या आतला ट्रिगर, पावसात टिकणारी बंद पेटी, सहज मिळणारे सेल, 32 जीबीचं चांगलं कार्ड आणि दुरुस्तीची हमी, एवढं जमलं तर बाकीची जाहिरात सोडून द्या. एका महागड्या कॅमेऱ्याऐवजी दोन साधे घेतले तर दोन वाटा राखता येतात.

बिबट्या आल्याची आवई उठली की काठ्या घेऊन निघालेल्या जमावाच्या तावडीत बिचारं तरस किंवा लांडगा सापडू शकतो. तारीख-वेळेसह एक स्पष्ट फोटो वनरक्षकाच्या हाती दिला, तर अफवा थांबते. नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळीही तो शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो. पीक आणि जनावर दोन्ही वाचवायचं हे काम साध्या, स्वस्त कॅमेऱ्याने नक्की होतं.