आवाज ओळखीचा आहे

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत दुधवाल्याची सायकल, पेपरवाल्याची हाक आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा असे सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. त्या गोंधळातही माझी ऐंशीच्या घरातली आई मेथी निवडता निवडता मध्येच मान वर करते आणि म्हणते, "शंभरची यामाहा गेली बघ." गाड्यांमधले तिला काही म्हणता काही कळत नाही. दारात उभ्या असलेल्या मोटारीचे नाव विचारले तर ती रंग सांगेल. पण हा एक आवाज ती चुकत नाही. १९८८ च्या दिवाळीपासून १९९२ पर्यंत रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने तो ऐकला आहे. दादा घरी आला की नाही, हे तिला घड्याळावरून नव्हे, त्या आवाजावरून कळायचे. पेठ नाक्याच्या अंगाने आधी बारीक शिट्टीसारखे काहीतरी यायचे, मग ओढ्याच्या वळणावर गिअर उतरल्याचे कळायचे, आणि ती कूस बदलून झोपी जायची.

त्या गाडीचे नाव आरएक्स १००. आमच्याकडे 'आरेक्स'. १९८५ साली ती भारतात आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज साताऱ्याच्या राजवाड्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत जी पोरे ती मिळवण्यासाठी धडपडताना दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. नव्या गाड्या बटण दाबले की सुरू होतात, जास्त पळतात आणि जास्त चांगल्या थांबतात. तरीही ही पोरे तीन-चार दशकांपूर्वीच्या, किकवर चालणाऱ्या गाडीसाठी लाखाच्या पुढे पैसे मोजायला तयार असतात. हे वेड नेमके कशाचे?

थोडे मागे जाऊ. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे बुलेट, येझदी किंवा राजदूत. वजनदार, सोशिक आणि बरीचशी जुन्या युरोपीय नमुन्यांवर बेतलेली. सरकारने परदेशी सहकार्याला वाट दिली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी नावे शंभर सीसीच्या गाड्या घेऊन आली. इंड-सुझुकी, हिरो होंडा, एस्कॉर्ट्सने बनवलेली यामाहा आणि बजाजची कावासाकी. होंडाची गाडी फोर स्ट्रोक, पेट्रोल वाचवणारी, संसारी माणसाची. बाकीच्या तिघी टू स्ट्रोक. त्याआधी १९८३ साली एस्कॉर्ट्सनेच राजदूत ३५० आणली होती. दोन सिलिंडर, सहा गिअर आणि मायलेज विचारू नये असे. ती फार थोड्यांना झेपली. दशक संपता संपता ती गेली आणि दंतकथा मागे ठेवून गेली. शंभर सीसीची आरएक्स मात्र गावागावात शिरली.

आमच्या भागात ती का रुजली, याला कारणे आहेत. कृष्णा-वारणेच्या काठाला सहकारी साखर कारखान्यांनी रोख पैसा दिला होता. उसाचे बिल हाती आले की घरात काय यायचे, याचा क्रम ठरलेला असे. आधी घराचा स्लॅब, मग मुलीचे लग्न आणि उरले तर पोराची गाडी. आमच्याकडे क्रम उलटा झाला, याचा वडिलांना शेवटपर्यंत पश्चात्ताप होता. दुसरे कारण असे की, या पट्ट्यात माणसांना यंत्राची भीती नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावच्या सायकल दुकानातून सुरुवात करून १९१० साली ज्या माळावर कारखाना काढला, ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातलीच. साताऱ्याला कूपरांच्या कारखान्यात नांगर आणि डिझेल इंजिने बनली. महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटर साताऱ्याच्याच औद्योगिक वसाहतीतून देशभर गेली. विहिरीवरचे इंजिन स्वतः खोलून बसवणाऱ्या शेतकऱ्याला आरएक्सचे इंजिन म्हणजे पोरखेळ वाटला, यात नवल नाही.

आणि ते होतेही सोपे. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेट घेते, टू स्ट्रोकमध्ये दर फेरीला. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमधून जास्त जोर मिळतो. होंडाची शंभर सीसी सात-साडेसात अश्वशक्तीची, तर आरएक्सची अकरा. आणि ती बसवलेली जेमतेम शंभर किलोच्या गाडीत. आत व्हॉल्व्हची यंत्रणा नाही, कॅम नाही. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही तेवढीच, मापातसुद्धा भानगड नाही. मिरजेच्या एका मिस्त्रींनी मला हे इंजिन समजावून सांगितले, ते आजवर ऐकलेले सगळ्यात सुबोध व्याख्यान. त्यांनी कार्बोरेटर काढला, आतून पातळ पात्यांचा एक ठोकळा काढून हातावर ठेवला आणि म्हणाले, "पेटी बघितलीय न्हवं आतनं? पेटीची पितळी पात वाऱ्यानं हलती, ही इंजनाच्या वढीनं उघडती. पिस्टन वर गेला की हवा-पेट्रोल आत. खाली आला की पात मिटली, माघारी जाता येत नाही."

मिरजेत, तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या गावात, याहून योग्य उपमा सुचली नसती. त्यांना ठाऊक नव्हते, पण यामाहाचा उगमही तिथलाच. तोराकुसु यामाहा नावाच्या गृहस्थांनी १८८७ साली हामामात्सुच्या एका शाळेतला पेटीच्याच जातीचा ऑर्गन दुरुस्त केला आणि मग वाद्ये बनवायला घेतली. मोटारसायकल आली ती थेट १९५५ साली. टाकीवरच्या चिन्हात आजही तीन स्वरकाटे आहेत. हे सांगितल्यावर मिस्त्री एवढेच म्हणाले, "तरीच फायरिंग सुरात हाय."

त्या फायरिंगमागेही एक गोष्ट आहे, आणि ती एखाद्या चित्रपटात शोभावी अशी आहे. टू स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आकार नीट जुळवला तर आवाजाची लाट आतल्या आत परतून बाहेर निसटणारे ताजे पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने ही विद्या पूर्णत्वाला नेली. त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीतून पळाला. त्याच सुमारास त्याचे कुटुंब मोटारीच्या डिकीत लपून पश्चिमेकडे पोचले. डेग्नर गेला सुझुकीकडे, ती विद्या बरोबर घेऊन, आणि पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीला ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवून दिले. जपानी छोट्या गाड्यांनी नंतरच्या काळात शर्यतीची मैदाने गाजवली, त्यात या एका पलायनाचा वाटा मोठा. इस्लामपूरच्या बाजारात दादा ग्रिप पिळायचा तेव्हा मध्येच गाडीला जी उसळी यायची, तिच्या मुळाशी शीतयुद्ध होते म्हणायचे.

ती उसळी हीच या गाडीची मोहिनी, आणि हाच तिचा दोष. वेडाचे लेख लिहिणारे बहुतेक जण हा भाग गाळतात. इंजिन अकरा अश्वशक्तीचे, पण ब्रेक पुढे-मागे साधे ड्रमचे. टू स्ट्रोकमध्ये ग्रिप सोडली तरी इंजिन गाडीला फारसे धरून ठेवत नाही. पावसात यवतेश्वरचा घाट उतरणाऱ्याला हे लगेच कळते. हेल्मेट तेव्हा कोण घालत होते? सोनसाखळी चोरांची आवडती गाडी अशीही तिची ख्याती होती, पण तिने जास्त नुकसान केले ते चांगल्या घरांतल्या पोरांचे.

१९९२ च्या गळीत हंगामातली गोष्ट. दादाचा कॉलेजातला मित्र रात्री आमच्याकडे जेवायला होता. जेवण झाल्यावर "किल्ली दे, एक राऊंड मारून येतो" म्हणाला. दादाने दिली. पुणे-बंगळूर महामार्ग तेव्हा दुपदरीच होता, आणि उसाने भरलेल्या बैलगाड्यांना मागे दिवा नसे. आई जागी होती. तिला गाडी जातानाचा आवाज आला, येतानाचा आला नाही.

पुढचा फोर्क वाकला होता. तो वडिलांनी सरळ करून आणला, का ते त्यांनाही सांगता आले नसते. मग गाडी सोप्यात गोणपाटाखाली गेली. दादा त्यानंतर तिच्यावर बसला नाही आणि ती विकूही दिली नाही. मित्राची आई वारली त्या वर्षापर्यंत तो दर दिवाळीला त्यांच्या घरी जात असे. तिथे काय बोलणे होई, ते आम्ही कधी विचारले नाही. आम्ही सांगलीला गावभागात राहायला आलो तेव्हा टेम्पोत कपाटांबरोबर गाडीही आली. तिच्या पाटीवर अजून एमएच १० च्या आधीची जुनी तीन अक्षरे होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा घरात शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५. आम्ही आईला घेऊन आधीच बाहेर पडलो होतो. परतलो तेव्हा जिन्याखाली आरेक्स चिखलाच्या गोळ्यासारखी पडलेली. गल्लीतल्या नव्या गाड्या विम्यावाल्यांची वाट पाहत रांगेने उभ्या होत्या. वायरिंग गेले, कॉम्प्युटर गेला. दादाचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. त्याने कोणाला न विचारता आमची गाडी मिरजेला नेली, त्याच मिस्त्रींकडे. त्यांनी इंजिन खोलले, डिझेलने धुतले, क्रँकची बेअरिंगे बदलली, सिलिंडरला बोअर मारून नवा पिस्टन घातला आणि सायलेन्सर आगीत धरून आतला वर्षानुवर्षांचा कोळसा जाळून काढला. सगळा खर्च एका चांगल्या मोबाइलएवढा. जी वस्तू माणूस हाताने खोलू शकतो, ती पुरातूनही परत येते. पोरांना हिचे वेड का, हे मला त्या दिवशी थोडेसे उमगले. वेगाची हौस नवी गाडीही भागवते. आपल्या मालकीचे यंत्र आपल्याला समजते, हा मान मात्र आताच्या वस्तू देत नाहीत.

मान मिळतो, पण फुकट नाही. या गाड्या धूर ओकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. टू स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल आणि तेल धुराबरोबर बाहेर पडते, आणि १९९६ च्या कडक नियमांच्या सुमारास ती बंद झाली, ते योग्यच झाले असे मी म्हणेन, पुतण्याला राग आला तरी. सायलेन्सरची जाळी काढून रुग्णालयापुढून फाडफाड जाणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. जप्त केलेल्या असल्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात, ती छायाचित्रे मी समाधानाने पाहतो.

कायद्यालाही ही गाडी अजून 'विंटेज' वाटत नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी वय ५० वर्षांहून अधिक हवे; सर्वांत थोरल्या आरएक्सलाही २०३५ पर्यंत थांबावे लागेल. तोवर ती नुसती जुनी गाडी. तपासणी करा, हरित कर भरा, पाच वर्षांनी पुन्हा रांगेत या. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ३०० चे १००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकींना २०००. मात्र मिस्त्रींची खरी काळजी वेगळीच आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते. जुन्या कार्बोरेटरची रबरे त्याने फुगतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसते. मिश्रण पातळ झाले की पिस्टन तापून जाम होण्याचे भय. हे इथेनॉल येते कुठून? त्याचा एक भाग उसाच्या मळीपासून आणि रसापासून, आमच्याच साखर कारखान्यांतून. ज्या उसाने ही गाडी घरात आणली, तोच ऊस आता तिच्या नळीत शिरला आहे. पुतण्या दर पंधरवड्याला टाकी रिकामी करतो, एवढाच त्यावर इलाज.

किल्लीचा प्रश्न तीन वर्षे लोंबकळत होता. गाडी सुरू होती, कागद झाले होते, पण दादा पोराला गल्लीबाहेर जाऊ देत नव्हता. गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी त्याने स्वतः बाजारातून हेल्मेट आणले, मागच्या चाकाचा ब्रेक दोनदा दाबून पाहिला आणि किल्ली पोराच्या हातात दिली. "कासपर्यंत जा. महामार्गावर साठच्या वर नाही. उसाची ट्रॉली दिसली की मागं राहायचं," एवढेच म्हणाला आणि आत निघून गेला.

आई दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली, निळसर धुराचा एक लोट गल्लीत राहिला. आवाज गणपती मंदिराकडे वळला, बारीक झाला. "आयर्विनवर गेला," ती म्हणाली. "गिअर टाकला बघ."

दुपारी जेवणानंतर घटकाभर आडवे व्हायची तिची सवय आहे. त्या दिवशी साडेचारला गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, तोवर ती खुर्चीतच बसून होती.