मेला की नुसता गप्प?

22 ऑक्टोबर 2018, सोमवार. भारतात पहाटेचे 4 वाजून 22 मिनिटं झाली होती, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अजून रविवारची संध्याकाळ होती. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबच्या नेटवर्कमध्ये प्रकाशतंतूचं एक बिघडू लागलेलं उपकरण बदलायचं नेहमीचं काम चालू होतं. त्यात पूर्वेच्या मुख्य डेटा सेंटरची जोडणी तुटली आणि 43 सेकंदांत परत आली.

पण त्या 43 सेकंदांचं निस्तरायला 24 तास 11 मिनिटं लागली. भारतातल्या आयटीवाल्यांचा अख्खा सोमवार त्यात गेला. आणि नवल म्हणजे पूर्वेकडचे डेटाबेस सर्व्हर मेलेच नव्हते. ते नुसते काही क्षण कुणाला दिसत नव्हते.

एकाच डेटाबेसच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवायच्या, एक पडलं की दुसऱ्याने काम उचलायचं, ही कल्पना कागदावर फार मोहक दिसते. एखादं यंत्र 99 टक्के वेळ चालू असेल, तर वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त काळ ते बंद असतं. तसलंच दुसरं जोडीला दिलं आणि दोघांच्या बिघाडाचा एकमेकांशी संबंध नसला, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला जेमतेम 53 मिनिटांवर येतो. दिवसांची मिनिटं झाली, तीही एका जास्तीच्या यंत्रात!

खरी मेख पुढे आहे. पहिलं पडलं, हे दुसऱ्याला कळायचं कसं? पहिलं यंत्र ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असा छोटा निरोप पाठवत राहतं, त्याला हार्टबीट म्हणतात. तो थांबला की दुसरं सावध होतं. पण गावी एकट्या राहणाऱ्या काकांनी फोन उचलला नाही, तर रेंज गेली, झोप लागली की काही बरंवाईट झालं, हे इथे बसून कसं ओळखणार? यंत्रांचंही तेच. गप्प बसलेलं आणि मेलेलं यंत्र दुरून अगदी सारखं दिसतं. 1985 साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी हे गणितात पक्कं केलं: निरोप पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल आणि एखादंच यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर सगळ्यांचं एकमत होईलच अशी हमी देणारी ठरीव रीत असूच शकत नाही.

घाईघाईने दुसऱ्याने सूत्रं घेतली आणि पहिलं जिवंतच निघालं, तर दोघंही स्वतःला मुख्य समजून नोंदी लिहीत सुटतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात आणि डेटाबेस सांभाळणारी माणसं सर्व्हर जळण्यापेक्षा याला जास्त घाबरतात. म्हणून काही ठिकाणी नवं यंत्र सूत्रं घेण्याआधी जुन्याचा वीजपुरवठाच तोडतं. मेलाय की नाही हे कळत नाही ना, मग मारूनच टाका. ऐकायला क्रूर, पण तर्काला धरून आहे!

दुसरा मार्ग मला जास्त देखणा वाटतो, तो म्हणजे मतदान. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाऊट यांनी 2014 मध्ये मांडलेली राफ्ट ही रीत पाहा. समजा पाच यंत्रं आहेत. प्रमुखाचा हार्टबीट थांबला की प्रत्येक यंत्र थोडी वाट पाहतं, पण सगळी सारखा वेळ नाही. प्रत्येक जण चिठ्ठी काढल्यासारखा आपला वेळ निवडतो, मूळ लेखातल्या उदाहरणात तो 150 ते 300 मिलिसेकंदांमधला आहे. ज्याचा वेळ आधी संपतो तो निवडणुकीचा क्रमांक एकाने वाढवतो, स्वतःला मत देतो आणि इतरांकडे मत मागतो. एका क्रमांकाला एकच मत. ज्याची नोंदींची वही आपल्या वहीपेक्षा मागे आहे, त्याला मत द्यायचं नाही. तीन मतं मिळाली की झाला प्रमुख. बहुतेक वेळा हे सारं अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतं.

तीनच का? कारण पाचातून कुठलेही तीन निवडा आणि पुन्हा कुठलेही तीन निवडा, दोन्ही गटांत निदान एक यंत्र सामाईक असणारच. त्या सामाईक यंत्राने आधीच मत दिलेलं असतं, म्हणून एका क्रमांकाचे दोन प्रमुख होऊच शकत नाहीत. शिवाय तीन जणांनी लिहून घेतल्याशिवाय नोंद पक्की धरत नाहीत, त्यामुळे पक्की नोंद नव्या प्रमुखाच्या वहीत असतेच. शाळेतल्या बेरजेवर जगभरच्या यंत्रांचा कारभार उभा आहे.

मग गिटहबचं गणित कुठे चुकलं? मतदानात नाही. त्यांचा ऑर्केस्ट्रेटर नावाचा देखरेख करणारा प्रोग्राम राफ्टनेच चालत होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि पूर्वेच्या क्लाउडमधल्या त्याच्या यंत्रांनी मिळून बहुमत जमवलं आणि डेटाबेसचं प्रमुखपद रीतसर पश्चिमेला दिलं. पण हे बहुमत होतं देखरेख करणाऱ्यांचं, नोंदींचं नव्हे. पूर्वेच्या डेटाबेस सर्व्हरांनी तेवढ्यात काही नोंदी घेतल्या होत्या, त्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. जोडणी परत येताच नव्या नोंदी पश्चिमेत पडू लागल्या. आता दोन्ही वह्यांत असं काही होतं जे दुसरीत नव्हतं, त्यामुळे कुठलीच एक फेकून देता येईना.

नोंद दोन्ही किनाऱ्यांवर पोचल्यावरच पक्की का धरू नये? भूगोल आडवा येतो. दोन किनाऱ्यांत सुमारे 4,000 किलोमीटर अंतर आहे आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. जाऊन यायला किमान 40 मिलिसेकंद लागतात, मग यंत्र कितीही महागडं घ्या. एक वेब पान उभं करताना डेटाबेसशी अनेकदा बोलावं लागतं, दर वेळी हा उशीर साचत जातो. गिटहबचे पूर्वेकडचे प्रोग्राम त्या दिवशी पश्चिमेत लिहायला लागले आणि याच उशिराने गुदमरले.

अभियंत्यांनी साइट मंद राहिली तरी चालेल पण नोंदी शाबूत राहिल्या पाहिजेत, असं ठरवलं. मला तो निर्णय धाडसाचा वाटतो, कारण जगभरचे लोक वैतागलेले असताना तो घ्यायचा होता. दर चार तासांनी घेतलेले बॅकअप होते, पण अनेक टेराबाइटचा तो डेटा दुरून आणून पुन्हा चढवायला तासन्‌तास गेले. तोवर इतर यंत्रणांना पाठवायचे 50 लाखांवर निरोप आणि वेबसाइट बांधण्याची 80 हजार कामं रांगेत अडकून पडली.

सगळं सुरळीत झाल्यावरही पूर्वेकडच्या त्या अनाथ नोंदी उरल्याच. सर्वांत गजबजलेल्या डेटाबेस-गटांपैकी (क्लस्टरांपैकी) एकात त्या 954 होत्या. कुठल्या आपोआप जुळवता येतील आणि कुठल्या वापरणाऱ्यालाच विचारून सोडवाव्या लागतील, हे लॉग वाचून ठरवायचं काम मागे राहिलं. आणि ऑर्केस्ट्रेटरची सेटिंग बदलली: यापुढे प्रमुखपद एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर त्याने आपणहून न्यायचं नाही.