परदेशी नागरिकत्व आणि मोटारीचा दंड

एक काळ असा होता, की आमच्या व्यापारी घरातील मुलगा हुबळीस, सांगलीस अगर मुंबईस पेढीवर गेला, म्हणजे तो लांब गेला असे आपण मानीत असू. आज आपल्या संघाच्या सभासदांच्या घरी सहज चौकशी केली, तर कोणाचा मुलगा लेस्टरला, कोणाची कन्या लंडनला, कोणाचा पुतण्या न्यू जर्सीत, तर कोणाचे जावई टोरांटोस असल्याचे ऐकू येते. ही मुले तेथे शिकतात, नोकरी-धंद्यास लागतात आणि काही वर्षांनी तेथील नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचे ठरवितात. त्या वेळी राहिलेली वर्षे, भरलेला कर, भाषेची परीक्षा यांची तयारी सर्वजण करतात. परंतु मोटार चालविताना घडलेला एखादा गुन्हाही त्या अर्जाच्या आड येऊ शकतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. सबब या अंकाच्या निमित्ताने, मुख्यतः ब्रिटनच्या कायद्यास धरून, हा विषय सभासद बंधु-भगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही वकील नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या घाऊक व्यापारात आमचे आयुष्य गेले. पण उधारी देताना माणसाची पत कशी पाहावी, हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे. आणि नागरिकत्वाच्या अर्जातही सरकार जवळजवळ तोच प्रश्न विचारीत असते. ब्रिटनचा राष्ट्रीयत्वाचा कायदा १९८१ सालचा आहे. त्यात नागरिकत्व मागणारा माणूस सद्वर्तनी असला पाहिजे अशी अट आहे. मात्र सद्वर्तन म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात नाही. ते तेथील गृहखाते आपल्या मार्गदर्शक नियमांनुसार ठरविते. ही अट परक्यांनीच शोधून काढली असे कोणी समजू नये. आपल्या भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही ती आहेच.

आता मोटारीच्या गुन्ह्यांकडे वळू. ब्रिटनमध्ये यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग ठराविक दंडाच्या नोटिशीचा. ठरलेल्या वेगापेक्षा मोटार जोरात नेली, तर किमान १०० पौंड दंड आणि परवान्यावर ३ पेनल्टी पॉइंट. चालविताना हातात मोबाइल धरला, तर मार्च २०१७ पासून २०० पौंड आणि ६ पॉइंट. विम्याशिवाय मोटार चालविली, तर ३०० पौंड आणि ६ पॉइंट. मोटार भलत्या जागी उभी केल्याबद्दलचा दंडही याच सदरात धरावा. असा दंड मुकाट्याने आणि मुदतीत भरला, म्हणजे प्रकरण न्यायालयात जात नाही आणि गुन्हा शाबीत झाल्याची नोंद होत नाही. नागरिकत्वाच्या अर्जावर अशा एखाद-दुसऱ्या दंडाचा सामान्यतः परिणाम होत नाही.

पण येथेच दोन अपवाद आहेत. दंड न भरल्यामुळे प्रकरण न्यायालयात गेले, तर तो पहिला. लहान लहान दंड पुष्कळ साठले, तर तो दुसरा. एका पोत्यातून काढलेल्या वानगीत एखादा खडा निघाला, तर व्यापारी सौदा मोडीत नाही. पण प्रत्येक मुठीत खडा येऊ लागला, तर तो मालच परत करतो. पुनःपुन्हा नियम मोडणाऱ्या माणसाकडे तेथील अधिकारी याच दृष्टीने पाहतात. शिवाय ३ वर्षांत १२ पॉइंट झाले, की न्यायालय बहुधा किमान ६ महिने मोटार चालविण्यास बंदी करते. आणि नव्याने परवाना मिळालेल्या चालकास पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंट झाले, तर त्याचा परवानाच रद्द होतो. म्हणजे मोबाइल हाती धरण्याची एक चूकही नवख्यास पुरेशी आहे.

दुसरा वर्ग न्यायालयात शाबीत झालेल्या गुन्ह्यांचा. मद्य पिऊन मोटार चालविणे, बेदरकारपणे चालवून कोणास इजा करणे, बंदी असताना चालविणे, हे गुन्हे या वर्गात येतात. मद्यपानाच्या गुन्ह्यात किमान १२ महिन्यांची बंदी असते आणि परवान्यावरील ती नोंद ११ वर्षे राहते. ३१ जुलै २०२३ पासून गृहखात्याचे जे नियम लागू झाले, त्यांप्रमाणे १२ महिने अगर त्याहून अधिक कैदेची शिक्षा झालेल्याचा अर्ज सामान्यतः नाकारला जातो. त्याहून कमी कैद अथवा नुसता दंड झाला असेल, तर अधिकारी गुन्हा किती गंभीर, किती जुना, त्यानंतरचे वर्तन कसे, हे सारे तोलून पाहतो. पूर्वी कैद नसलेल्या शिक्षेनंतर ३ वर्षे गेली की बहुधा वाट मोकळी होत असे. आता तसा हिशेब मांडता येत नाही. खटला चालू असताना अर्ज करणेही शहाणपणाचे नव्हे. निकाल लागेपर्यंत तो बहुधा तसाच पडून राहतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. भारतातील लायसन्सवर ब्रिटनमध्ये मोटार चालविता येते, पण तेथे राहावयास गेल्यापासून फक्त पहिले १२ महिने. पुढे तेथील शिकाऊ परवाना काढून लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. "आपल्या लायसन्सची मुदत अजून दहा वर्षे आहे," अशा समजुतीने १३ व्या महिन्यात मोटार बाहेर काढणारा मुलगा तेथील कायद्याने परवान्याशिवाय चालवीत असतो, आणि परवाना नाही म्हणून विमाही लागू होत नाही, असा पेच पडतो. एका गैरसमजातून दोन गुन्हे उभे राहतात.

इतका खटाटोप कशासाठी, पक्का वास्तव्याचा परवाना असला म्हणजे झाले, असे काही वडीलधारे म्हणतात. त्यांच्यासाठी आमच्या पेठेतील एका घरची हकीकत सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. वडिलांस अर्धांगवायूचा झटका आला. एकुलता एक मुलगा लेस्टरला. दुकान मुनिमाच्या भरवशावर. मुलाची इच्छा होती, की तीन-चार वर्षे घरी येऊन राहावे, वडिलांची सेवा करावी आणि पेढीचीही घडी बसवावी. परंतु ब्रिटनमधील कायम वास्तव्याचा परवाना सलग २ वर्षे देशाबाहेर राहिल्यास संपतो. नागरिकत्व मिळाले, तर ही भीती राहत नाही. ब्रिटिश नागरिक होताच भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्याच्या ९ व्या कलमाने संपते हे खरे, पण परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओसीआय कार्ड काढून इकडे हवे तितके राहता येते. म्हणून मुलाने आधी नागरिकत्वाचा अर्ज करून मगच येण्याचे ठरविले.

कागद जमविताना त्याने आपल्या परवान्याची नोंद तपासली, तो तीवर ६ पॉइंट आणि न्यायालयाचा दंड निघाला. याला त्याची गंधवार्ताही नव्हती. झाले होते ते असे. त्याने घर बदलले, पण मोटारीच्या नोंदणीपुस्तकावरील पत्ता बदलला नाही. वेगमर्यादा ओलांडल्याचे कॅमेऱ्याने टिपले. मोटार कोण चालवीत होते ते २८ दिवसांत कळवा, अशी नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. उत्तर नाही, म्हणून चालकाचे नाव न कळविल्याचा गुन्हा त्याच्या गैरहजेरीत शाबीत झाला. मूळ वेगाचा दंड १०० पौंडांत आटोपला असता; आता त्याच्या नावावर न्यायालयाची नोंद होती.

सुदैवाने त्याने जाणत्या वकिलाचा सल्ला घेतला. आपल्याविरुद्ध खटला चालल्याचे माहीतच नव्हते, असे शपथपत्र गोष्ट कळल्यापासून २१ दिवसांच्या आत केले, तर तेथे तो निकाल रद्द होऊन प्रकरण नव्याने सुरू होते. तसे त्याने केले, वेगाचा गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि अर्जात ही सर्व हकीकत कागदांसह लिहून दिली. नागरिकत्व मिळाले, पण या घोळात वर्षाहून अधिक काळ गेला. मुलगा घरी आला तेव्हा वडील होते, डोळ्यांनी ओळखीतही होते. मात्र त्यांची वाचा तोवर गेली होती. पेढीच्या ज्या गोष्टी बापाने मुलास तोंडाने सांगावयाच्या होत्या, त्या राहून गेल्या. १०० पौंडांच्या दंडाची खरी किंमत ही अशी पडली.

या मुलाने जे योग्य केले, ते म्हणजे काही न लपविणे. येथे पुष्कळांची गफलत होते. ब्रिटनमध्ये जुन्या गुन्ह्यांचा कलंक ठराविक मुदतीनंतर पुसला जावा, असा १९७४ चा एक कायदा आहे. नोकरीसाठी त्याचा उपयोग होतो. परंतु १ ऑक्टोबर २०१२ पासून तो नागरिकत्वाच्या अर्जास लागू नाही. म्हणून कितीही जुना असला, तरी न्यायालयात शाबीत झालेला गुन्हा अर्जात लिहावाच लागतो. आणि तो ब्रिटनबाहेर, म्हणजे आपल्याकडे घडला असला तरीही. सुटीत घरी आलेल्या मुलास मद्य पिऊन मोटार चालविल्याबद्दल येथील न्यायालयाने दोषी ठरविले, तर ती गोष्ट बेळगावात मिटली असे समजू नये. माहिती लपविल्याचे उघड झाले, तर अर्ज तर जातोच, पण पुढील १० वर्षांत पुन्हा केलेला अर्जही यशस्वी होण्याची आशा थोडी. नागरिकत्व मिळाल्यानंतर खोटेपणा उघडकीस आला, तर १९८१ च्या कायद्याच्या ४० व्या कलमान्वये ते काढूनही घेता येते.

लहान गुन्हा लपविण्यातून मोठा गुन्हा कसा जन्मतो, याचे प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनच्या मंत्रिमंडळातील ख्रिस ह्यून यांचे आहे. २००३ मध्ये त्यांची मोटार वेगमर्यादा ओलांडताना सापडली. परवान्यावरचे पॉइंट टाळण्यासाठी, मोटार पत्नी चालवीत होती असे भासविण्यात आले. प्रकरण वर्षांनुवर्षे झाकून राहिले. पण २०१२ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि मार्च २०१३ मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल त्या दोघांस ८-८ महिन्यांची कैद झाली. "पॉइंट तुझ्या नावावर घे" असे बायकोस अगर भावास सांगणाऱ्या आपल्या मुलांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. ह्यून तेथेच जन्मलेले नागरिक होते. नागरिकत्व मागणाऱ्याची स्थिती त्याहून नाजूक असते.

इतर देशांतही वारा याच दिशेने वाहतो आहे. अमेरिकेत नागरिकत्वासाठी साधारणतः मागील ५ वर्षांचे नैतिक आचरण पाहतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील ॲटर्नी जनरलांनी असा निर्णय दिला, की या काळात मद्य पिऊन मोटार चालविल्याबद्दल दोन वा अधिक वेळा दोषी ठरलेल्या माणसाचे आचरण चांगले नाही असेच गृहीत धरावे. तसे नाही हे त्याने सिद्ध करावे. ऑगस्ट २०२५ च्या तेथील सरकारी सूचनेत तर बेदरकारपणे अगर सवयीने वाहतुकीचे नियम मोडण्याचाही उल्लेख आला आहे. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून मद्यपान करून मोटार चालविण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवर नेली. त्यामुळे नागरिकत्व तर दूरच, तेथील कायम वास्तव्यही या गुन्ह्याने धोक्यात येऊ शकते.

यावरून घेण्याजोगा बोध आपल्या धंद्यातलाच आहे. खतावणीत चुकीची रक्कम पडली, तर शहाणा मुनीम ती खोडून टाकीत नाही. शेजारी दुरुस्तीची नोंद करतो आणि कारण लिहितो. खाडाखोड झालेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही, दुरुस्तीची नोंद असलेल्या वहीवर ठेवतात. तद्वत् दंड झाला असेल तर तो मुदतीत भरावा, पावती जपावी, अर्ज करण्यापूर्वी परवान्याची नोंद स्वतः तपासावी आणि जे असेल ते तारखेसह लिहावे. न्यायालयाचा संबंध आला असेल, तर तेथील अधिकृत वकिलास विचारल्याखेरीज अर्ज करू नये. अर्जाची फी दीड हजार पौंडांहून अधिक आहे आणि अर्ज नाकारला गेल्यास तिचा बहुतेक भाग परत मिळत नाही, हेही व्यापाऱ्याच्या मुलास वेगळे सांगावयास नको.

परदेशी असलेल्या मुलांस दर रविवारी आपण दूरध्वनी करतो. जेवलास का, थंडी किती आहे, हे विचारतो. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा, अशी सभासदांस आमची विनंती आहे: "घर बदललेस, तर मोटारीच्या कागदावरचा पत्ता बदललास का?" मुलगा हसेल, हसू द्यावे. पण उत्तर घेतल्याशिवाय दूरध्वनी खाली ठेवू नये.