विषाणूवर चढवलेला बोजा

भंडारा जिल्हा धानाचा. तरीही वैनगंगेच्या काठाने पवनीकडे निघाले की धानाच्या बांध्यांच्या मधेमधे मिरची, भेंडी, वांगी, टोमॅटोचे तुकडे दिसू लागतात. मिरचीच्या तुकड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: चुरडामुरडा आला. पाने आक्रसतात, कडा वर वळतात, झाड खुजे राहते. शेतकरी कृषी केंद्रातून बाटली आणतो, फवारतो. कधी फरक पडतो, कधी अजिबात पडत नाही. पडतो तेव्हा दोष फुलकिड्यांचा किंवा कोळ्यांचा असतो. पडत नाही तेव्हा बहुधा झाडाच्या पेशींत विषाणू शिरलेला असतो, आणि पेशीत शिरलेल्या या विषाणूला मारणारे औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही.

झाडाकडे मात्र स्वतःचा उपाय असतो. तो नेहमी पुरा पडतोच असे नाही, पण कधीकधी चुरडलेल्या झाडालाही वरून नवी, जवळजवळ निरोगी पाने फुटतात. मेक्सिकोतल्या संशोधकांनी मिरचीच्या अशा सावरलेल्या झाडांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. नव्या पानांत विषाणू होताच, पण कमी होता. शिवाय त्याच्या डीएनएवर रोगट पानांतल्यापेक्षा जास्त रासायनिक खुणा होत्या. झाडाने विषाणूला मारले नव्हते, गप्प केले होते.

हे विषाणू जेमिनिव्हायरस घराण्यातले. मिरचीचा पर्णगुच्छ, भेंडीचा हळद्या, मूग-उडदाचा आणि सोयाबीनचा पिवळा मोझॅक ही सगळी याच घराण्याची करणी, आणि यातले सगळे पसरवते पांढरी माशी. आपल्याकडे या रोगांची नोंद जुनी आहे. भेंडीच्या हळद्याबद्दल जी. एस. कुलकर्णी यांनी 1924 मध्येच मुंबई इलाख्यातून लिहिले होते. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी रानटी भेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' हे वाण काढले. हळद्याला दाद न देणारी भेंडी म्हणून ते महाराष्ट्राबाहेरही गाजले. कालांतराने बऱ्याच ठिकाणी हळद्याने त्यालाही गाठले. असे का होते, याचे निदान अर्धे उत्तर पेशीच्या आत आहे.

या विषाणूचा डीएनए म्हणजे जेमतेम 2,700 अक्षरांचे एक कडे. काही जातींत अशी दोन कडी असतात. धानाच्या जनुकसंचात अशी सुमारे 39 कोटी अक्षरे असतात, त्यावरून विषाणूच्या गरिबीची कल्पना यावी. स्वतःची नक्कल काढायला लागणारे मुख्य यंत्रसुद्धा त्याच्याकडे नाही. तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि झाडाच्याच यंत्रणेला कामाला लावतो. तिथे त्याचा डीएनए झाडाच्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जातो, अगदी झाडाच्या डीएनएसारखा. झाडाला त्याला धरायची संधी मिळते ती इथेच, कारण जे नियम झाडाच्या जनुकांना लागू, ते आता या पाहुण्यालाही लागू होतात.

त्यातला महत्त्वाचा नियम मिथाइलच्या खुणेचा. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षरावर झाड मिथाइलचा एक छोटा रासायनिक गट चिकटवते. अक्षर बदलत नाही, क्रम बदलत नाही, पण त्या जागेचे जनुक वाचले जात नाही. सातबाऱ्यावर बोजा चढला की जमीन तीच राहते, मालकाचे नावही तेच राहते, फक्त व्यवहार अडतो, तसेच हे. जनुकांची अक्षरे न बदलता त्यांचे काम चालू-बंद करणाऱ्या अशा खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

पण बोजा नेमक्या विषाणूवरच कसा चढतो? विषाणूची जनुके वाचली जात असताना दुपदरी आरएनए तयार होतो. झाडाची विकरे त्याचे 21 ते 24 अक्षरांचे बारीक तुकडे करतात. काही तुकडे विषाणूचे आरएनए-संदेश कापायला वापरले जातात. 24 अक्षरी तुकडे आर्गोनॉट-4 नावाच्या प्रथिनाबरोबर केंद्रकात जातात, आपल्याशी जुळणारा डीएनए शोधतात आणि खूण करणाऱ्या विकराला तिथे बोलावतात. आरएनए अशी वाट दाखवतो, हे पहिल्यांदा 1994 मध्ये तंबाखूच्या झाडात दिसले.

याचा रोगाशी थेट संबंध आहे, हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात डेव्हिड बिसारो यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवले. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या वनस्पतीची, खुणा करण्याची यंत्रणा बिघडलेली झाडे त्यांनी घेतली. विषाणूपुढे ती साध्या झाडांपेक्षा लवकर आणि जास्त कोसळली. खुणा अडवणारे विषाणूचे एक प्रथिन काढून घेतल्यावर साधी झाडे सावरली. आर्गोनॉट-4 नसलेल्यांना ते जमले नाही.

भारतात याच्या आधीच एक सुरेख प्रयोग झाला होता. उडीद आपल्या ओळखीचा, त्यावरचा पिवळा मोझॅकही ओळखीचा. मदुराई कामराज विद्यापीठाचे वेलुताम्बी आणि शिवप्रसाद यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत रोगट उडदाच्या झाडांत असा डीएनए सोडला, की त्यापासून विषाणूच्या 'चालू' बटणाशी जुळणारा दुपदरी आरएनए तयार व्हावा. झाडे रोगातून सावरली. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झाले.

मग शेतात झाडे का हरतात? कारण विषाणूही स्वस्थ बसलेला नसतो. मिथाइलचा गट पुरवण्यासाठी पेशीत एक रासायनिक चक्र चालते, आणि वेगवेगळ्या जेमिनिव्हायरसांनी त्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर हात घातलेला आहे. कुणाचे प्रथिन ॲडेनोसिन कायनेज हे विकर निकामी करते, कुणाचे चक्राचा आणखी एखादा टप्पा अडवते. काही विषाणू सोबत बीटासॅटेलाइट नावाचे आणखी एक लहानसे डीएनए-कडे बाळगतात आणि त्यातले प्रथिन तेच काम करते. भेंडीच्या हळद्याच्या विषाणूलाही असा सोबती आहे. शस्त्र दोघांकडेही असताना एकट्या वाणाच्या भरवशावर राहणे महागात पडते, ते यामुळे.

धान तरी यातून सुटला आहे का? नाही. टुंग्रो हा धानाचा रोग दोन विषाणू मिळून घडवतात आणि त्यातला एक डीएनएवाला आहे. त्याची ने-आण करतात हिरवे तुडतुडे, ज्यांची ओळख रोवणी करणाऱ्या कुणालाही करून द्यावी लागत नाही. 2004 मध्ये जपानी संशोधकांना भाताच्या जनुकसंचातच या विषाणूसारख्या डीएनएचे मोडके तुकडे सापडले. कधीकाळी शिरलेले आणि तिथेच राहिलेले. अशा उपऱ्या डीएनएला गप्प ठेवण्याचे काम वनस्पतींत हीच मिथाइलची यंत्रणा करते.

वाणांच्या बाजूने सर्वात ठोस काम टोमॅटोत झाले आहे. दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोतून आणलेले टीवाय-1 हे जनुक पर्णगुच्छाला आवरते. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की ते दुपदरी आरएनए बनवणारे विकर घडवते. हे जनुक असलेल्या झाडात विषाणूच्या डीएनएवर मिथाइलच्या खुणा वाढतात, हे 2014 मध्ये स्पष्ट झाले. त्याच अभ्यासात एक काटाही निघाला: काकडीच्या मोझॅकचा आरएनए विषाणू सोबतीला आला की हे संरक्षण ढिले पडते.

उष्णतेचा खेळही दुधारी आहे. कसाव्यात, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या पिकात, तापमान 25 अंशांवरून 30 वर नेल्यावर विषाणूला गप्प करणारी यंत्रणा जोर धरते असे आढळले. पण पांढऱ्या माशीलाही ऊबच मानवते.

म्हणून चुरडामुरडा दिसला की बाटलीआधी भिंग काढावे आणि शेंड्याची पाने उलटून पाहावी. फुलकिडे किंवा कोळी दिसले तर त्यांचा बंदोबस्त करावा. ते नसतील आणि पांढरी माशी फिरत असेल, तर रोगट झाडे लवकर उपटून नष्ट करावीत, कारण आजारी झाड माशीसाठी विषाणूचे कोठार असते. शंका असेल तर फांदी घेऊन साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र गाठावे. पुढच्या हंगामात मात्र खर्चाची सुरुवात रोपवाटिकेवरच्या बारीक जाळीपासून करावी. कोवळ्या वयात लागण टळली, तर झाडाला स्वतःची लढाई लढायला वेळ मिळतो.