ढवळ्या, पवळ्या आणि येडशीतलं चालणं



'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण संशोधक म्हणून त्या गोठ्यात जाऊन उभे राहा. दोन्ही बैल सारखेच चालतात, हे गुण लागल्यामुळेच कशावरून? शेतकऱ्यानं जोडी लावतानाच सारख्या चालीचे बैल निवडले असतील. किंवा दोघांना चारा एकच, रान एकच, म्हणूनही चाल सारखी असेल.

मित्रमंडळींचा आणि परिसराचा माणसाच्या चालण्यावर काय परिणाम होतो, असा विषय पीएचडीसाठी घ्यायचा विचार असेल, तर हे गोठ्यातलं कोडं आधी सोडवा आणि मग प्रश्नावलीला हात घाला. उदाहरणाला आपण धाराशिव जिल्ह्यातलं येडशी घेऊ.

गावाजवळून सोलापूर–छत्रपती संभाजीनगर चौपदरी महामार्ग जातो आणि लातूर–बार्शी रस्ता त्याला इथेच छेदतो. दुसऱ्या बाजूला रामलिंगचं देवस्थान आणि अभयारण्याची झाडी. समजा, एका गल्लीतल्या पाच बायका रोज सकाळी रामलिंगच्या दिशेनं फिरायला जातात. शक्यता तीन. एकीचं बघून दुसरी निघाली, हा प्रभाव. फिरायची आवड असलेल्याच एकमेकींच्या मैत्रिणी झाल्या, ही निवड. संशोधनात याला होमोफिली म्हणतात. तिसरी शक्यता, त्यांच्या गल्लीतून निघणारा रस्ता बरा आहे, महामार्ग ओलांडावा लागत नाही. हा सामाईक परिसर.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. प्रभाव असेल तर फिरण्याचे गट काढून उपयोग होईल. निवड असेल तर गटात तेच लोक येतील जे तसेही फिरणारच होते. परिसर असेल तर पैसा पायवाटेवर आणि रस्ता ओलांडायच्या सोयीवर जायला हवा. तुमचा निष्कर्ष चुकला, तर गावाचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो.

आधी चालणं मोजा

माझ्या पहिल्या कच्च्या प्रश्नावलीत 'तुम्ही व्यायाम करता का?' असा प्रश्न होता. एका मावशींनी सरळ सांगितलं, "व्यायामाला कुठं येळ हाय, ताई? आत्ता तर रानातनं आले." रान बरंच लांब होतं आणि त्या रोज पायी जात-येत होत्या. माझ्या कागदावर मात्र त्यांची हालचाल शून्य!

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची 'जीपॅक' प्रश्नावली बघा. ती कामातली हालचाल, ये-जा करताना होणारी हालचाल आणि फावल्या वेळातली हालचाल वेगवेगळी विचारते. शक्य असेल तर जोडीला कमरेला लावायचा ॲक्सेलरोमीटर द्या. पण यंत्र पावलं सांगतं, कारण सांगत नाही. मजुरीसाठी चालणं आणि हौसेनं फिरणं यांत फरक करायला प्रश्न लागतातच.

मग नाती मोजा

'तुमचे मित्र कोण?' असं गावात विचारलं तर 'सगळेच आपले' हे उत्तर ठरलेलं. प्रश्न ठोस हवा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या ७५ गावांत नात्यांचं जाळं मोजलं, तेव्हा कोणाच्या घरी जाता, रॉकेल किंवा तांदूळ उसना कोणाकडून घेता, देवळात कोणाबरोबर जाता, असे प्रश्न होते. आपल्यासाठी प्रश्न होईल: 'गेल्या सात दिवसांत तुम्ही कोणाबरोबर चाललात?' इथे एक जबाबदारी येते. ज्यांची नावं सांगितली जातात त्यांनी तुम्हाला संमती दिलेली नसते. नावांऐवजी लगेच सांकेतिक क्रमांक वापरा.

परिसर मोजायला 'न्यूज' नावाची मोजपट्टी आहे. तिची भारतासाठी बदललेली आवृत्ती चेन्नईत तपासली गेली आहे. तरी ती खेड्यात जशीच्या तशी उचलू नका. पदपथ आहे का, यापेक्षा अंधार पडल्यावर बाई एकटी त्या रस्त्यानं जाते का, हा प्रश्न येडशीत जास्त सांगून जाईल.

आता गुंता सोडवा

२००७ मध्ये क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या १२,०६७ लोकांची ३२ वर्षांची माहिती तपासली. मित्र लठ्ठ झाला तर आपली लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी कोहेन-कोल आणि फ्लेचर यांनी तशाच पद्धतीनं मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांमध्ये 'पसरते' असं दाखवलं! उंची काही संसर्गानं वाढत नाही. म्हणजे ती पद्धत नसलेला प्रभावही दाखवू शकते.

मग उपाय काय? मित्राला हलवेल पण तुम्हाला थेट स्पर्श करणार नाही, असं काहीतरी शोधायचं. अराल आणि निकोलायडिस यांनी २०१७ मध्ये सुमारे ११ लाख धावपटूंच्या नोंदींत पाऊस आणि तापमान वापरलं. मित्राच्या शहरात पाऊस पडला, तो कमी धावला. तुमच्याकडे ऊन होतं, तरी तुम्हीही कमी धावलात का? हो, असं दिसलं. मित्र एक किलोमीटर जास्त धावला की माणूस साधारण ०.३ किलोमीटर जास्त धावत होता. आणि स्त्रियांवर प्रभाव पडत होता तो फक्त स्त्रियांचा.

ही युक्ती येडशीत चालेल का? नाही. पाऊस आला की अख्ख्या गावावर येतो, मैत्रीण आणि तुम्ही एकाच ढगाखाली. गावात चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. काही घरांना चिठ्ठीनं निवडून फिरायला येण्याचं आमंत्रण द्या, आणि मोजा मात्र त्यांच्या न निवडलेल्या मैत्रिणींचं चालणं. त्याच गल्लीत, तसाच रस्ता असलेल्या, पण जिच्या मैत्रिणींना आमंत्रण गेलं नाही अशा बाईशी तिची तुलना करा. मैत्री आधीपासूनची, म्हणून निवडीचा घोळ नाही. रस्ता तोच, म्हणून परिसराचा घोळ नाही. एक मात्र पाळा: मैत्रीची यादी चिठ्ठ्या टाकायच्या आधी घ्या. नंतर घेतली तर एकत्र फिरून झालेल्या नव्या मैत्रिणी त्यात येतील आणि गोठ्यातला गोंधळ परत सुरू.

जाता जाता एक गृहपाठ. श्रावणी सोमवारी रामलिंगला गर्दी होते. त्या दिवशी लोक जास्त चालले, तर तो प्रभाव, निवड की परिसर? की चौथंच काही? तुमच्या वहीत कारणासकट उत्तर लिहा, आणि मगच तुमच्या प्रस्तावातलं 'प्रभाव' हे शब्द असलेलं प्रत्येक वाक्य परत वाचा.