पेटीचे स्वर आणि गोविंदराव टेंबे

आळंदीस कार्तिकी यात्रेंत कीर्तन ऐकावयास बसलें असतां वीणा, मृदंग व टाळ यांच्या शेजारीं पेटीचाही सूर कानीं पडतो. पहिलीं तीन वाद्यें जुनीं, येथलीं. चौथें मात्र पॅरिसहून आलेलें. आलेक्सांद्र दबँ यानें 1842 सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेव्हां पायांनीं भाते हलवून तें दोन्ही हातांनीं वाजवीत, आणि सेझार फ्रांकसारख्या थोर ऑर्गनवादकानेंही त्यासाठीं स्वतंत्र रचना केल्या. आपली बैठक जमिनीवरची. म्हणून पुढें कलकत्त्यास भाता पेटीच्या मागें नेण्यांत आला, डावा हात त्यांत गुंतला आणि स्वरांसाठीं उजवा तेवढा उरला. अनेक स्वरांचा मेळ त्यामुळें गेला. पण एकेरी सुरावटीच्या आपल्या गायनाला त्याची गरजच नव्हती! रंगभूमीवर मात्र पायपेटी व ऑर्गन यांचा मान पुष्कळ काळ टिकला.

पेटीची खरी उणीव निराळी. तिचे स्वर ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तींत निघत नाहीं. या आक्षेपांवरूनच ऑल इंडिया रेडिओनें 1940 सालीं तिच्यावर बंदी घातली. ती सैल झाली 1971 सालीं.

अशा वाद्यावर गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनीं लौकिक मिळविला. कोल्हापूरकडच्या या वादकानें भास्करबुवा बखले यांना गुरु मानलें. अल्लादियाखाँच्या गायकीचाही त्यांच्यावर खोल संस्कार झाला. पेटींत जें निघत नाहीं तें गळ्यांतून कसें निघतें, हें त्यांनीं या दोघांकडून जवळून ऐकलें होतें. 1911 सालीं खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकास त्यांनीं चाली दिल्या. त्यापूर्वीं किर्लोस्करी नाटकांत साक्या-दिंड्यांचा, म्हणजे कीर्तनाच्याच ओळखीच्या चालींचा, मोठा भरणा असे. टेंब्यांनीं ठुमरी-कजरीचा लडिवाळपणा नाट्यपदांत आणला आणि गायकाला विस्तारास वाव ठेवला. बालगंधर्वांच्या गळ्याला हा वाव किती मानवला, तें जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून आजही कळतें.

1913 सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. परंतु तेथें ते फार काळ रमले नाहींत. पुढें बोलपट आला, तेव्हां प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (1932) या चित्रपटाला त्यांनीं संगीत दिलें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही स्वतःच केली.